शनिवारची डबी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावेन एवढी, काळी, आणि एका कोपऱ्यावर पोचा आलेली. माझ्या पोटात एक गोल चकती आहे. ती गरगर फिरते आणि तुम्ही द्याल ते लिहून घेते. एकदा लिहिले की मी ते जपते. मला वीज मिळाली नाही, कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, तरी जपते. जपणे हाच माझा धंदा.

दिसायला मात्र मी साबणाच्या डबीसारखी आहे. त्यामुळे मला कोणीही हार्ड डिस्क म्हणत नाही. सगळे डबीच म्हणतात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पोटात एवढी विद्या घेऊन बसलेली मी, आणि नाव काय, तर डबी! आता सवय झाली आहे. खरे सांगायचे तर कोणी हार्ड डिस्क म्हणून हाक मारली तर मी मागे वळून बघणार नाही.

माझा जन्म झाला ती खोली इतकी स्वच्छ होती की माणसांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालूनच तिथे सोडत. माझ्या चकतीवर धुळीचा एक कण बसला तरी माझा कारभार आटोपतो, म्हणून एवढे लाड. आणि एवढ्या लाडात वाढलेली मी नांदायला आले कुठे? तर बुटांच्या कारखान्यात.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला चामडे कापायचे टेबल, दुसऱ्या टोकाला शिलाईची यंत्रे, आणि मधे सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. हवेत चामड्याचा आणि लाकडाचा भुसा तरंगत असायचा. पहिल्याच दिवशी मी मनाशी म्हटले, आपले इथे काही फार दिवस निघत नाहीत. पण मित्रांनो, मी तिथे रमले. त्याला कारण तिथली माणसे.

कारखान्याचे मालक काका. दुकानात मांडलेले बूट ज्यांना होत नाहीत, त्यांच्यासाठी ते बूट करतात. कोणाचा एक पाय आखूड असतो, कोणाचे पाऊल आत वळलेले असते, कोणाची बोटे एकमेकांवर चढलेली असतात. अशा पायाला नुसते टेपचे माप पुरत नाही. काका आधी त्या पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा करतात. त्याला ते फरमा म्हणतात. फरम्यावर बूट शिवायचा, माणसाला तो घालून चालायला लावायचे, कुठे टोचते ते विचारायचे. मग फरमा तिथे थोडा तासायचा, नाहीतर चामड्याचा तुकडा चिकटवून थोडा फुगवायचा, आणि पुन्हा बूट. असे करता करता कधीकधी वर्ष निघून जाते. पायाचे माप कोणीही घेईल, पण तो पाय सुखाने कशात राहतो हे फक्त त्या फरम्याला ठाऊक असते.

काका गिऱ्हाइकांची नावे हमखास विसरतात, पाय मात्र विसरत नाहीत. म्हणून त्यांनी पायांनाच नावे ठेवली आहेत. भित्रा अंगठा, रुंद जोडी, चवड्यावरचा, हट्टी डावा. फोनवर कोणी आपले नाव सांगितले की काका गोंधळतात. "तुमचा पाय कुठला ते सांगा ना," म्हणतात. गिऱ्हाईकही बिचारे गुमान सांगते, "मी भित्रा अंगठा बोलतोय."

हे सगळे फरमे एका भिंतीवर छतापर्यंत रचून ठेवलेले असत. एके वर्षी त्या लाकडाला कीड लागली. रोज सकाळी भिंतीखाली पिठासारखा भुगा पडू लागला, आणि काकांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा त्यांची पुतणी धावून आली. ती नुकतीच कारखान्याच्या कामात पडली होती. तिने एकेक फरमा सगळ्या बाजूंनी यंत्राखाली फिरवून त्याचा आकार जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरवला. किडके लाकूड मग जाळून टाकावे लागले. आता पाय हवा असला की त्याची फाइल शेजारच्या गल्लीतल्या सुताराकडे जाते आणि त्याचे यंत्र नवा फरमा कोरून देते. लाकूड वाया जाऊ नये म्हणून काम झालेला फरमा पुन्हा कोरून त्यातून त्याहून लहान पायाचा काढतात. त्यामुळे कारखान्यात लाकडी पाय आता फार दिवस राहत नाही. राहते ती फक्त फाइल.

आणि त्या फाइली जपायला पुतणीने मला आणले. सगळे पाय माझ्या पोटात उतरवले आणि मला काकूंच्या हातात दिले. काकू म्हणजे काकांची बायको.

"काकू, ही डबी तुमच्या घरी ठेवायची," ती म्हणाली.

"आमच्या घरी कशाला? इथं काय जागा कमी आहे?"

"ज्या छताखाली कॉम्प्युटर, त्याच छताखाली डबी ठेवली, आणि उद्या छतच गळलं तर दोन्ही भिजतील ना? दर शनिवारी घेऊन या. आठवड्याचं नवं काम मी हिच्यात भरून देईन, संध्याकाळी घरी घेऊन जा."

काकूंना हे एकदम पटले. तसेही त्यांना कारखान्यात यायला काहीतरी निमित्त हवेच होते. त्यांनी मला एका लोकरी मोज्यात घातले, ज्याचा जोडीदार कधीच हरवला होता, आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवले. तेव्हापासून दर शनिवारी आमची फेरी सुरू झाली.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. काकू आल्या की खिडकीजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. "हे सोल्यूशनचं झाकण उघडं का? डोकं दुखतं म्हणून घरी मग मलाच ऐकवता." "पोरी, किती वाळलीस, आधी जेव." पुतणी मला कॉम्प्युटरला जोडायची, माझा निळा दिवा लुकलुकायचा, आणि मी आठवड्याभराचे पाय पोटात घेत राहायचे. कामगारांपैकी कोणीतरी जाता जाता म्हणायचे, "डबी जेवतेय वाटतं." मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, पण आतून सुखावायचे.

मग क्लाऊड आला.

पुतणीने एका शनिवारी काकूंना समजावले, "आता डबीची ये-जा बंद, काकू. आता केलेलं काम आपोआप वर जाऊन बसतं."

"वर म्हणजे कुठं?"

"क्लाऊडवर."

काकूंनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले. "मग पाऊस पडला की सगळ्यांचे पाय खाली," त्या म्हणाल्या. सगळे हसले. काकूही हसल्या, पण त्यांनी नेहमीपेक्षा लवकर पिशवी आवरली. शनिवारचे त्यांचे निमित्त गेले होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

मी जळले, खोटे कशाला बोलू? पण मला एक गोष्ट ठाऊक होती. आभाळात वगैरे काही नसते. दूर कुठेतरी एक थंडगार इमारत असते आणि तिच्यात माझीच भावंडे रांगेने बसलेली असतात, रात्रंदिवस जागी. ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांच्यामुळे पुतणीला घरबसल्या, प्रवासात, कुठूनही काम पाहता येते. मी काही त्यांची निंदा करणार नाही. फक्त त्यांचा एक स्वभाव आहे. ती आरशासारखी वागतात. कॉम्प्युटरवर तुम्ही काही मांडले की ती मांडतात, आणि तुम्ही पुसले की तीही पुसतात.

मला घरी कपाटात ठेवले. मग कपाट आवरताना काकूंच्या हाती लागले. त्यांच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय थोडा आखूड होता आणि ताटे डुगडुगत असत. काकूंनी मला मोज्यातून काढले, त्या पायाखाली सरकवून पाहिले, आणि त्या खूश झाल्या. "अगदी मापाची आहे बघा!" माझी वायर त्यांनी पाहुण्यांची गादी गुंडाळून बांधायला घेतली.

असे माझे दिवस पालटले. जगातल्या कितीतरी आखूड पायांचे आकार पोटात घेऊन मी एका आखूड पायाखाली बसले. येता-जाता कोणाची तरी लाथ बसायची. काका जेवताना टेबलावर हात आपटून बोलत, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. तो पोचा तिथलाच आहे. पण टेबल मी एकदाही डुगडुगू दिले नाही. काम मिळाले की ते नीट करायचे, हा माझा स्वभाव आहे.

पुढचे मला निम्मे काकूंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले आणि निम्मे नंतर कारखान्यात. तुम्हाला मी ते सलग सांगते.

काकांना एक सवय आहे, तरुणपणापासूनची. बूट गिऱ्हाइकाच्या पायात गेला की ते आपले टेबल पुसून लख्ख करतात. एक चिंधी, एक खिळा ठेवत नाहीत. मागच्या पायाचा कचरा पुढच्या पायाच्या कामात येता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. पुतणीने त्यांना कॉम्प्युटर शिकवला, तेव्हा ही सवयही त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरवर आली. पडद्यावर झालेल्या कामांची गर्दी दिसली की त्यांना चैन पडेना. एका दुपारी त्यांनी बूट देऊन झालेले सगळे पाय एकेक करून तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि पडदा लख्ख केला. मनात शंका आली नाही असे नाही. पण पुतणी नेहमी म्हणायची ना, सगळे वर आहे म्हणून. खालचे आपण झाडले, वरचे आहेच. त्यांनी समाधानाने चष्मा काढून पुसला.

माझ्या भावंडांनी काय केले? जे खाली झाले तेच वर केले. काही आठवडे त्यांनी टाकलेले पाय बाजूला ठेवून वाट पाहिली. कोणीच मागायला आले नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ते कायमचे पुसून टाकले. कारखान्यात कोणाला पत्ताही लागला नाही, कारण झालेल्या कामाकडे कोण रोज पाहतो? नवे पाय येत होते, नवे बूट जात होते.

मग एक दिवस हट्टी डावा आला.

हट्टी डावा म्हणजे टपालताई. पत्रे वाटायचे काम करते. तिचा डावा पाय जन्मतः आत वळलेला होता. लहानपणी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, पाय सरळ झाला पण आखूड राहिला, आणि घोट्याखाली एक व्रण राहिला, ज्याला जरासुद्धा धक्का सोसत नाही. काकांनी तिच्यासाठी फरमा तासता तासता किती महिने घालवले असतील त्याची गणती नाही. पण त्या बुटावर ती टेकडीवरच्या वस्तीत पत्रे वाटू लागली. तिथे गाडी जात नाही, नुसत्या पायऱ्या आहेत. त्या वस्तीतली माणसे तिची वाट पाहत, आणि ती त्यांची.

ती आली ती हातात बुटाची लक्तरे घेऊन. दुपारी पाय मोकळा करायला तिने बूट काढून टेबलाखाली ठेवले होते. पोस्टाच्या राखणदाराने पाळलेले कुत्र्याचे पिल्लू तिथे पोचले आणि त्याने डाव्या बुटाचा फडशा पाडला.

"आयुष्यभर कुत्र्यांना चुकवत पत्रं वाटली," ती म्हणाली, "आणि शेवटी ऑफिसातच त्यांच्या तावडीत सापडले. काका, जुन्याच मापाचा नवा करून द्या. महिनाअखेरपर्यंत साहेबांनी बदली माणूस दिलाय. त्याच्या आत मी परत चढायला लागले नाही, तर टेकडी त्याला कायमची देणार आणि मला तिकिटांच्या खिडकीत बसवणार. साहेब वाईट नाहीत. माझ्या भल्याचंच बघतात."

"मग खिडकी बरी की," पुतणी म्हणाली. "बसून काम."

टपालताईने मान हलवली. "मला बसवू नका गं. लहानपणी सगळ्यांनी मला बसवूनच ठेवलं होतं. मी चालते ना, तेव्हाच हा पाय मला माझा वाटतो."

"त्यात काय एवढं," काका म्हणाले. "फाइल आहे. उद्या फरमा, पुढच्या आठवड्यात बूट." आणि त्यांनी पुतणीला हट्टी डावा उघडायला सांगितले.

पुतणीने शोधले. खाली नाही, वर नाही. तिने क्लाऊडच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज फार गोड होता. पुसलेल्या फाइली ठराविक मुदतीपर्यंत परत देता येतात, ती मुदत उलटून गेली आहे, आणि आम्हाला याबद्दल खेद आहे, असे तो म्हणाला.

"कोणी पुसल्या पण?" पुतणी स्वतःशीच बोलली, आणि मग तिने काकांकडे पाहिले. काका खुर्चीत बसले होते आणि हातातला चष्मा पुसत होते, पुसतच होते.

"मी टेबल आवरलं," ते म्हणाले. "तू म्हणायचीस, वर आहे."

"मी म्हणाले होते, काका. पण वरचं आणि खालचं एकच, हे मी कधी सांगितलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

टपालताईने फाटका बूट पिशवीत घातला. नव्याने माप घ्यायचे तर पुन्हा तेच महिने, तेच टोचणे, तोच व्रण उघडा पडणे. महिनाअखेर काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. जेवायला घरी येणार का, एवढेच त्यांना विचारायचे होते. काकांनी घडले ते सांगितले. काकू टेबलाशी उभ्या होत्या, म्हणून मला त्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू आले.

"अहो, पण ती डबी?" काकू म्हणाल्या. "शनिवारची? ती पुसलीत का कोणी?"

मित्रांनो, मला कोणी पुसले नव्हते. मला कोणी विचारलेही नव्हते. आणि तेच त्या दिवशी कामी आले.

काकूंनी टेबल एका हाताने उचलले, दुसऱ्या हाताने मला ओढून काढले आणि पदराने पुसले. मोजा सापडला नाही, म्हणून मला टॉवेलात गुंडाळले. गादी सोडून वायर घेतली. गादी मागे पसरली तशीच राहिली. पिशवी छातीशी धरून त्या निघाल्या. तो शनिवार नव्हता, तरी आमची फेरी झाली.

कारखान्यात सगळे माझ्याभोवती गोळा झाले. पुतणीने मला जोडले. दिवा लागला, मग विझला. पोटातली चकती फिरायला बघत होती आणि थांबत होती. टक, टक, टक असा आवाज माझ्या तोंडून येऊ लागला. मला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर फुटला असता. इतकी वर्षे जपले ते सगळे आत होते आणि मला ते देता येत नव्हते. याहून वाईट काय असते?

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

पुतणीचा हात पुढे झाला, पण तिने तो मागे घेतला. तिने ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सारखं चालू-बंद करू नका, आहे ते पण जाईल. आधी वायर बदलून बघा. आणि चालली, तर लगेच आतलं उघडत बसू नका. सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या."

वायर! माझी वायर गादीला आवळून आवळून आतून तुटत आली होती. पुरेशी वीज माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. पण तसली चपट्या तोंडाची वायर आता कोण वापरतो? कामगार शेजारीपाजारी धावले. अखेर सुताराकडे, त्याच्या कोरायच्या यंत्राच्या खणात एक मिळाली.

ती जोडली आणि माझी चकती फिरली. आधी कुरकुरत, मग एका लयीत. निळा दिवा लुकलुकू लागला. काकू म्हणाल्या, "जेवतेय."

"आज ती वाढतेय, काकू," पुतणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी एकेक पाय दिला. भित्रा अंगठा दिला, रुंद जोडी दिली, चवड्यावरचा दिला. जिथे मला लाथा बसल्या होत्या, तिथे चकतीवर एक जागा दुखरी झाली होती, आणि नेमका हट्टी डावा तिच्या कडेला होता. तिथे मी अडखळले. किती उतरले ते दाखवणारी पडद्यावरची रेघ थांबली. मी पुन्हा पुन्हा त्या जागेवरून गेले, दरवेळी थोडे थोडे वाचत. टपालताई स्टुलाची कड घट्ट धरून बसली होती. आणि मग रेघ पुढे सरकली, आणि सरकत शेवटाला गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी सुताराकडून फरमा आला. काकांनी तो हातात घेतला, डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "हा नव्हे."

त्यांनी डोळे उघडून फरमा खिडकीच्या उजेडात धरला.

"म्हणजे हाच आहे," ते सावकाश म्हणाले, "पण शेवटचा नव्हे. शेवटी मी एकदा बदल केला होता."

ते खरे होते. तो बदल झाला तेव्हा शनिवारच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या. माझ्याकडे होते ते त्याच्या आधीचे. मी जे घेतले तेच देऊ शकते, मित्रांनो. जे मला दिलेच नाही, ते मी कुठून आणू?

काकांनी फरमा टपालताईच्या मांडीवर ठेवला. "आठव बघू. शेवटच्या खेपेला कुठं टोचत होतं?"

तिने फरमा उलटा केला, सुलटा केला. मग डोळे मिटून आपलाच पाय चाचपावा तसे बोट फिरवले. "इथं, करंगळीच्या मागं. आणि व्रणाच्या वर तुम्ही थोडं मोकळं केलं होतं."

"किती?"

"ते मला काय माहीत! बूट घातला आणि मी रडले होते, एवढंच आठवतं. बरं वाटलं म्हणून रडले होते."

काका हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. त्यांनी चामड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा कापला, करंगळीच्या मागे चिकटवला, अंगठ्याने दाबून पाहिला, काढला, त्याहून पातळ तुकडा लावला. अर्धे काम माझ्या चकतीने केले, अर्धे त्या दोघांच्या आठवणीने. नव्याने सुरू केले असते तर महिने लागले असते. इथे एकदाच बूट उसवावा लागला.

महिना संपायच्या आत टपालताई नवा बूट घालून कारखान्यात चालली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. सगळे कान देऊन ऐकत होते. काका पायाकडे बघत नाहीत, आवाज ऐकतात. एक पाऊल जड आणि एक हलके पडले, तर बूट चुकला. टपालताईची दोन्ही पावले सारखी वाजत होती. ती खिडकीशी थांबली आणि रडायला लागली. काका म्हणाले, "झालं. बरोबर बसला."

टेकडी तिचीच राहिली. बदली माणसाला साहेबांनी तिकिटांच्या खिडकीत बसवले. तोही खूश आहे, त्याला चढ आवडत नव्हताच.

आता आमच्याकडे नवी पद्धत सुरू आहे. पाय कॉम्प्युटरवर असतात, क्लाऊडवर असतात, आणि पुसलेले सहजासहजी जाऊ नये अशी सोयही पुतणीने तिथे करून घेतली आहे. शिवाय माझ्या जोडीला एक नवी डबी आली आहे, बारकी, पोटात चकती नसलेली, जरा आगाऊ आहे पण कामाची आहे. काका अजूनही टेबल लख्ख पुसतात, पण लाकडाचेच. पडद्यासमोर बसले की हात मागे बांधून बसतात. काकूंच्या जेवणाच्या टेबलाला त्यांनी स्वतः चामड्याचा सोल शिवून दिला आहे. आम्ही दोघी दर शनिवारी काकूंच्या पिशवीतून येतो आणि संध्याकाळी घरी जातो. लोकरी मोजा सापडला. तो माझा आहे, नवीला दिलेला नाही.

आणि एक नवी रीत आहे, ती काकूंनी पाडली. नवे पाय भरून झाले की त्या स्टुलावर बसून म्हणतात, "आता आज कुणाचा पाय परत मागायचा?" मग त्या मनाला येईल ते नाव घेतात. पुतणी तो पाय आमच्या पोटातून काढून पडद्यावर उघडते, आणि काका तो फिरवून फिरवून पाहतात. बरोबर निघाला की काकू डबा उघडतात. तोवर कोणाला जेवण नाही. परवा टपालताई पत्र द्यायला आली होती. तिने मला हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "माझा पाय यात होता होय!" म्हणाली. "मग जपून ठेवा हो, सारखं टेबलाखाली नका ठेवू." काकू लाजल्या.

तर मित्रांनो, माझे वय झाले आहे. माझी चकती एक दिवस थांबणार, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे मला फारसे दुःख नाही, कारण माझ्याकडचे सगळे आता इतर ठिकाणीही आहे. माझे एवढेच मागणे आहे. मोलाची गोष्ट एकाच जागी ठेवू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी त्यापुढचे सांगते. ज्याच्याकडे काही जपायला दिले असेल, त्याच्याकडून ते अधूनमधून परत मागून बघा. मग ती माझ्यासारखी डबी असो, दूरच्या इमारतीतली माझी भावंडे असोत, किंवा घरातले एखादे थकलेले माणूस असो. मागितल्यावरच कळते, ते अजून आहे की नाही. आणि कोणी मागायला आले की जपणाऱ्यालाही बरे वाटते. टेबलाखाली बसून मी याचीच वाट पाहत होते.

आता मला मोज्यात घालतील. काकूंच्या चपला दारात वाजल्या, आज शनिवार आहे. बघू या, आज कोणाचा पाय मागतात.